भात्याआडची किंमत

व्हायोलिनच्या बाबतीत वय ही जमेची बाजू मानली जाते. चांगल्या लाकडाचे आणि चांगल्या हाताने घडवलेले व्हायोलिन शंभर-दोनशे वर्षांनीही वाजते, वधारते आणि लिलावात झळकते. या एका प्रसिद्ध उदाहरणावरून सगळीच जुनी वाद्ये काळाबरोबर मौल्यवान होत जातात, असा समज पसरला आहे. अ‍ॅकॉर्डियन त्या समजात बसत नाही. पोलाद, मेण, चामडे, पुठ्ठा, फेल्ट आणि सेल्युलॉइड अशा, निरनिराळ्या वेगाने जीर्ण होणाऱ्या पदार्थांतून हे वाद्य जोडलेले असते, आणि ते पेटीत बंद असताना, कोणी वाजवत नसतानाही, त्याची झीज चालूच राहते. म्हणूनच आजोबांच्या किंवा वडिलांच्या पश्चात हाती आलेल्या अ‍ॅकॉर्डियनची किंमत ठरवताना ते किती वर्षांचे आहे हा प्रश्न जवळजवळ निरर्थक ठरतो. त्याच्या आत काय बसवलेले आहे, ते आज कोणत्या स्थितीत आहे आणि ते पुन्हा सुरात आणण्यास किती खर्च येईल, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून किंमत निघते.

अशी वाद्ये आज युरोप-अमेरिकेतील घराघरांतून एवढ्या संख्येने बाहेर का पडत आहेत, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. व्हिएन्नातील सिरिल डेमियन याने 1829मध्ये ‘अ‍ॅकॉर्डियन’ या नावाने एका लहानशा भात्याच्या वाद्याचे पेटंट घेतले. पुढे इटलीच्या मार्के प्रांतातील कास्तेलफिदार्दो या गावात पाओलो सोप्रानी याने 1863च्या सुमारास हा उद्योग सुरू केला (लोरेतोच्या यात्रेला निघालेल्या एका ऑस्ट्रियन यात्रेकरूकडून त्याला हे वाद्य पहिल्यांदा मिळाले, अशी आख्यायिका तिथे आवडीने सांगितली जाते), उत्तर इटलीतील स्त्रादेल्ला येथे मारियानो दालापे याने 1876मध्ये कारखाना काढला, आणि जर्मनीतील ट्रॉसिंगेन येथे 1857पासून माउथ ऑर्गन बनवणाऱ्या होनर कंपनीने 1903मध्ये अ‍ॅकॉर्डियनचे उत्पादन हाती घेतले. विसाव्या शतकाच्या मध्यावर या वाद्याची लोकप्रियता कळसाला पोहोचली. अमेरिकेत लॉरेन्स वेल्क याचा वाद्यवृंद 1955पासून दर आठवड्याला देशभरच्या दूरचित्रवाणी संचांवर दिसू लागला, गावोगावी अ‍ॅकॉर्डियनचे वर्ग निघाले, आणि या वर्गांचे चालक शिकवणीबरोबर वाद्यही हप्त्याने विकत. मग रॉक अँड रोल आले, तरुणांच्या हाती गिटार आली आणि लक्षावधी अ‍ॅकॉर्डियन पेट्यांत गेली. ती विकत घेणारी पिढी आता निघून जात आहे, त्यांची वाद्ये वारसांकडे येत आहेत, आणि विकणारे पुष्कळ व घेणारे थोडे अशी बाजाराची अवस्था आहे. वारसाने मनाशी पहिली खूणगाठ बांधायची ती हीच.

किंमत कळायची तर वाद्याची रचना थोडीफार ठाऊक असावी लागते. प्रचारात सर्वाधिक असलेल्या पियानो अ‍ॅकॉर्डियनमध्ये उजव्या हाताला पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, डाव्या हाताला बेसची बटणे आणि मध्ये भाता असतो. पूर्ण आकाराच्या वाद्यात 41 पट्ट्या आणि 120 बटणे असतात. आवाज निघतो तो रीडमधून: धातूच्या चौकटीवर एका टोकाशी रिव्हेटने जडवलेली पोलादाची पातळ जीभ हवेच्या झोताने कंप पावते. हार्मोनियमच्या कारागिरांच्या बोलीत ज्यांना खर्ज, नर आणि मादी म्हणतात, तसे खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकाचे रीडसंच अ‍ॅकॉर्डियनमध्येही असतात, आणि पट्ट्यांजवळची रजिस्टर नावाची बटणे दाबून त्यांची निरनिराळी मिश्रणे करता येतात. फरक असा, की आपल्या पेटीतील हवा एकाच दिशेने वाहते, तर अ‍ॅकॉर्डियनचा भाता उघडताना आणि मिटताना दोन्ही वेळा स्वर निघावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक चौकटीवर दोन बाजूंना मिळून दोन जिभा असतात. चार रीडसंचांच्या वाद्यात उजव्या बाजूला 41 गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे 328 जिभा झाल्या. डाव्या बाजूच्या 120 बटणांना स्वतंत्र स्वर नसतात. बाराच स्वरांच्या जुळण्या आतील यंत्रणा करून देते, आणि पाच संच असतील तर तिथे आणखी 120 जिभा येतात. अशा एकूण 448 जिभांपैकी प्रत्येक जीभ सुरात असणे हेच या वाद्याचे भांडवल आहे, आणि ते सुरात आणणाऱ्याला एकेक जीभ हाताळावी लागते, म्हणून दुरुस्ती महाग पडते.

सगळे रीड सारख्या दर्जाचे नसतात. स्वस्त वाद्यांत यंत्रावर ठोक उत्पादन केलेले रीड असतात; त्याहून वरची पायरी इटालियन कारागीर ‘तीपो आ मानो’, म्हणजे हाताने केल्यासारखे, या नावाने ओळखतात; आणि सर्वांत वरचे ‘आ मानो’, म्हणजे प्रत्यक्ष हाताने तयार केलेले. हे हातचे रीड निळसर पोलादाच्या पट्टीतून कापले जातात आणि जिभेच्या बुडाशी, दोन्ही कडांना, त्या निळाईची रेघ बहुधा शिल्लक राहिलेली दिसते. जाणकार खरेदीदार वाद्य उघडल्याबरोबर ही रेघ शोधतो. तो आणखी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे कासोत्तो. काही रीडसंच सरळ पट्ट्यांखाली न बसवता एका आतल्या कोंदणात काटकोनात बसवलेले असतात, त्यामुळे त्यांचा स्वर गोल आणि गंभीर होतो. या कोंदणाला कासोत्तो म्हणतात. हातचे रीड आणि कासोत्तो ही दोन्ही ज्यात आहेत असे वाद्य व्यावसायिक वादकासाठी बनवलेले असते, आणि तेच काही हजार युरोंच्या किमतीला पात्र ठरू शकते. जोवानी गोला या इटालियन कारागिराने होनरसाठी 1950च्या दशकात घडवलेले आणि त्याचेच नाव मिळालेले ‘गोला’ किंवा स्कांदाल्ली कंपनीचे ‘सुपर सहावे’ ही त्यातली ठळक नावे.

दर्शनी भागावरचे नाव मात्र फसवे असते. होनर, दालापे, एक्सेलसियर, पिजिनी, व्हिक्टोरिया ही उत्पादकांचीच नावे आहेत. परंतु अमेरिकेत आयातदार, दुकानदार आणि शिकवणी वर्गांचे चालक इटलीहून आणलेल्या वाद्यांवर स्वतःचे नाव सर्रास घालून घेत, त्यामुळे कुठेच नोंद न सापडणाऱ्या नावाखाली कधी साधारण, तर कधी उत्कृष्ट वाद्य निघते. उलट नामवंत उत्पादकाने विद्यार्थ्यांसाठी स्वस्त वाद्येही लाखोंनी काढलेली असतात, आणि ‘होनर आहे’ एवढ्या माहितीवरून किंमत सांगणे अशक्य असते. अनुक्रमांकावरून जन्मसाल शोधण्याचा प्रयत्नही फारसा फळत नाही, कारण कित्येक कारखान्यांच्या नोंदवह्याच उरलेल्या नाहीत. काळाचा अंदाज बांधण्यास छापील खुणा जास्त उपयोगी पडतात: ‘वेस्टर्न जर्मनी’ असे लिहिलेले वाद्य युद्धोत्तर फाळणीनंतरचे असते, आणि क्लिंगेनथालच्या ‘वेल्टमाइस्टर’वर ‘VEB’ ही तीन रोमन अक्षरांची खूण असेल तर ते पूर्व जर्मनीच्या सरकारी कारखान्यातले. मोत्यासारखी झाक असलेले सेल्युलॉइड, चमकते खडे आणि मालकाचे कोरलेले नाव यांनी वारसांचे डोळे दिपतात. खरेदीदारावर त्यांचा परिणाम होत नाही, आणि कोरलेले नाव तर थोडी किंमत कमीच करते. ते नाव एखाद्या ख्यातनाम वादकाचे असले तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा छायाचित्र, पावती किंवा पत्रव्यवहार असा लेखी पुरावा जोडावा लागतो. घरात ऐकलेल्या गोष्टीला बाजारात मोल नाही.

यानंतर तपासणी, आणि तिची सुरुवात नाकाने करणे योग्य. पेटी उघडताच कुबट, बुरशीचा वास आला तर भात्याचा पुठ्ठा आणि चामडे दमट जागी राहिल्याचे समजावे, आणि असा वास जवळजवळ कधीच पुरता जात नाही. कापरासारखा किंवा आंबट, झोंबणारा वास अधिक धोकादायक असतो, कारण जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात, त्यांनी आतले पोलाद गंजते आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या वाद्यालाही लागण होऊ शकते. मग भाता पाहावा. वर्षानुवर्षे मिटून राहिलेला भाता हिसका देऊन उघडला तर घड्यांचे कोपरे फाटतात. म्हणून बंद सोडून, हवेचे बटण दाबून, तो हळूहळू मोकळा करावा. त्यानंतर वाद्याची पट्ट्यांची बाजू वर धरून, एकही पट्टी किंवा बटण न दाबता, बेसची बाजू स्वतःच्या वजनाने खाली लोंबू द्यावी. भाता सावकाश उतरला तर हवा धरून आहे असे मानता येते. धप्पकन उघडला तर भाता किंवा पट्ट्यांखालच्या गाद्या गळक्या आहेत. या गाद्यांचे फेल्ट हे कसरीचे आवडते खाद्य असते, हेही ध्यानात ठेवावे.

नंतर प्रत्येक पट्टी, एकाच रीडसंचाचे रजिस्टर लावून, भाता उघडताना एकदा आणि मिटताना एकदा वाजवून पाहावी आणि जिथे स्वर येत नाही, उशिरा येतो, घरघरतो किंवा फाटतो त्या जागा कागदावर टिपाव्यात. हे काम कंटाळवाणे असले तरी संगीताचे ज्ञान नसलेल्या माणसालाही जमते, आणि अशी टिपणे ज्याच्याजवळ आहेत त्या विक्रेत्याला कोणी सहज गुंडाळू शकत नाही. दोषांचे अर्थही ठरलेले आहेत. रीडच्या चौकटी लाकडी ठोकळ्यांवर मधमाश्यांचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने चिकटवलेल्या असतात. तीस-चाळीस वर्षांत हे मिश्रण ठिसूळ होते, त्याला भेगा जातात आणि चौकटी सैल होतात किंवा गळून पडतात. वाद्य हलवले असता आत काही खुळखुळले तर बहुधा तेच असते. चौकटीच्या बंद बाजूची हवा अडवणाऱ्या चामड्याच्या बारीक पट्ट्या वाळून वर वळल्या की स्वर उशिरा आणि कण्हत उमटतो. पोलादी जिभेवर गंज चढला की तिचे वजन आणि जाडी बदलते, म्हणजेच सूर बदलतो, आणि गंज खरवडला की तो आणखी बदलतो: टोकाशी पोलाद कमी झाले तर स्वर चढतो, बुडाशी कमी झाले तर उतरतो. वरवरचा गंज कुशल कारागीर आटोक्यात आणतो. खोल गंजाला इलाज नाही. डावीकडची आत रुतलेली बटणे मात्र दिसतात तेवढी भयंकर नसतात, फक्त त्या यंत्रणेतील एकेक तार काढून पुन्हा लावण्यास कारागिराचे तास जातात.

एक प्रश्न इथे हमखास गोंधळ करतो. दोन मधल्या रीडसंचांतील एक दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढा लावलेला असतो, आणि दोन्ही एकदम वाजले की जी थरथर ऐकू येते तिला फ्रेंच कॅफेच्या संगीतावरून म्युझेट म्हणतात. अननुभवी माणसाला हे वाद्य बेसूर वाटण्याचा संभव असतो, आणि खरोखर बेसूर झालेल्या वाद्याला म्युझेट समजण्याचाही. थरथर सगळ्या पट्ट्यांवर क्रमाने, सारख्या जातीची असेल तर ती हेतुपुरस्सर आहे. एका पट्टीवर मंद आणि शेजारच्या पट्टीवर वेगवान असेल तर सूर सुटलेले आहेत.

आकाराचा आणि किमतीचा संबंधही सरळ नाही. पूर्ण आकाराचे वाद्य दहा किलोंहून जास्त भरते. आजचे हौशी वादक उतारवयातले, त्यांच्या पाठी-खांद्यांना हा भार नको असतो, आणि म्हणून चांगल्या रीडचे 72 किंवा 96 बटणांचे हलके वाद्य अनेकदा अवजड वाद्याच्या आधी खपते. विद्यार्थ्यांसाठीच्या जुन्या वाद्यांवर दुसरी मर्यादा आहे: चीनमध्ये बनलेले नवे, हमीसह मिळणारे वाद्य ज्या किमतीला मिळते, तिच्यावर त्यांची किंमत जाऊच शकत नाही. खरे आश्चर्य कधीकधी छोट्या, कुरूप पेट्यांत दडलेले असते. लुइझियानातील केजन वादक युद्धापूर्वीची ‘मोनार्क’ आणि ‘स्टर्लिंग’ ही जर्मन बनावटीची बटणांची वाद्ये मोठ्या आदराने शोधतात. लंडनच्या व्हीटस्टोन आणि जेफ्रीज यांच्या षट्कोनी कॉन्सर्टिनांना आयरिश आणि इंग्रजी लोकसंगीतात चढी मागणी आहे. आणि जर्मनीच्या कार्ल्सफेल्ड गावातील आल्फ्रेड आर्नोल्ड कारखान्याचे बँडोनियॉन टँगोच्या वादकांना इतके प्रिय आहेत, की अर्जेंटिनाने 2009मध्ये जुन्या बँडोनियॉनच्या रक्षणासाठी कायदाच केला. ज्याला घरच्यांनी ‘लहान मुलाचे खेळणे’ म्हणून बाजूला टाकले, ते आधी ओळखून घ्यावे आणि मगच हातावेगळे करावे.

किंमत एक नसते, अनेक असतात, आणि वारसांमधील बरेच वाद या अनेकांची गल्लत केल्यामुळे होतात. विम्यासाठीची किंमत म्हणजे तसेच वाद्य पुन्हा मिळवण्याचा खर्च. ती सर्वांत चढी असते. दुकानातील विक्रीकिंमत दुरुस्त केलेल्या, हमी दिलेल्या वाद्याची असते. खासगी व्यवहारात, स्थितीची जोखीम खरेदीदारावर असल्याने, ती खाली येते, आणि व्यापारी स्वतः विकत घेताना देतो ती सर्वांत खालची. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीत आणि करासाठी अमेरिकेत जी वाजवी बाजारकिंमत विचारली जाते, ती म्हणजे कोणतीही घाई किंवा सक्ती नसलेल्या, वस्तुस्थितीची जाण असलेल्या खरेदीदार-विक्रेत्यांमध्ये जमेल अशी किंमत. जाहिरातीत छापलेला आकडा हा केवळ विक्रेत्याची इच्छा सांगतो. म्हणून तुलना करायची ती प्रत्यक्ष पार पडलेल्या विक्रींशी, आणि तीही त्याच नमुन्याच्या, तेवढ्याच रीडसंचांच्या आणि तशाच स्थितीतील वाद्याच्या विक्रीशी.

हिशेब वजाबाकीचा आहे. समजा, एखादे मध्यम दर्जाचे इटालियन वाद्य उत्तम स्थितीत 1,200 युरोंना जाते, आणि हाती आलेल्या वाद्याचे मेण बदलणे, चामड्याच्या पट्ट्या नव्या लावणे व सगळे सूर मिळवणे याचा अंदाज 900 युरोंचा निघतो. उरले 300, त्यातून व्यापाऱ्याची जागा, हमी आणि नफा वजा जाता तो वारसाच्या हातावर जे ठेवील ते अपमानास्पद वाटेल, पण त्यात लबाडी नसते. याच वजाबाकीवरून हेही दिसते, की विकण्यापूर्वी वाद्य संपूर्ण दुरुस्त करून घेणे सहसा आतबट्ट्याचे ठरते. हातच्या रीडचे, वरच्या श्रेणीचे वाद्य असेल तर तोच 900 युरोंचा खर्च कित्येक पटींनी भरून निघतो. साध्या वाद्यात तो बुडतो. त्यामुळे थोडे शुल्क देऊन एखाद्या स्वतंत्र कारागिराकडून, जो ते वाद्य स्वतः विकत घेणार नाही अशाकडून, लेखी तपासणी-अहवाल घेणे हा या सगळ्या खटाटोपातील एकमेव निश्चित शहाणपणाचा खर्च म्हणता येईल. वारसाने स्वतः वाद्य उघडू नये. भात्याच्या खिळ्या एकसारख्या दिसल्या तरी आपापल्या भोकाशीच जमलेल्या असतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की हवा गळू लागते.

महाराष्ट्रात अ‍ॅकॉर्डियनचा वारसा मुख्यतः चित्रपटसंगीतातून आणि वाद्यवृंदांतून आलेला आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत गूडी सीरवाई आणि केरसी लॉर्ड यांनी, आणि ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचलेल्या पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांनी हे वाद्य लोकांच्या कानी रुजवले. ‘रूप तेरा मस्ताना’मधले अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे केरसी लॉर्डच पुढे हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या काही वादकांपैकी एक ठरले, आणि त्या नव्या वाद्याने अ‍ॅकॉर्डियनची ध्वनिमुद्रणातील जागा घेतली, हा योगायोग थोडा बोचरा आहे. त्या काळची युरोपीय वाद्ये मुंबई, पुणे, गोव्यातील काही घरांत आजही असू शकतात. त्यांचे मोल करताना इथल्या हवामानाचा विचार आधी करावा लागतो, कारण समुद्राकाठच्या अनेक पावसाळ्यांची दमट हवा पोलादी रीडला जेवढी बाधते तेवढी पेटीच्या पितळी रीडला बाधत नाही, आणि उन्हात ठेवलेल्या बंद मोटारीत मेण मऊ होऊन चौकटी घसरू शकतात. दुरुस्तीसाठी हार्मोनियमच्या कारागिराकडे जाण्याचा मोह स्वाभाविक आहे. त्याचा कान उत्तमच असतो, परंतु मेणात बसवलेल्या, दुजिभी, पोलादी रीडचे काम वेगळे आहे, आणि त्याने अ‍ॅकॉर्डियनवर पूर्वी हात चालवलेला आहे का, हे विचारल्यावाचून वाद्य सोपवू नये. परदेशात चढ्या भावाने खपणारे वाद्य इथे तेवढे मिळवून देईलच असे नाही. वाहतूक, विमा, सीमाशुल्क आणि रस्त्यातील धक्क्यांनी चौकटी निखळण्याची शक्यता हे सगळे त्या भावातून वजा होते.

काही वाद्यांच्या बाबतीत वजाबाकीचे उत्तर शून्याखाली जाते. मार्केटरीचे, म्हणजे लाकडाच्या जडावाचे, नक्षीकाम किंवा सुस्थितीतील सेल्युलॉइड असेल तर ते शोभेची वस्तू म्हणून थोडक्या पैशांत जाते. संग्रहालये अशी सर्वसाधारण वाद्ये सहसा स्वीकारत नाहीत, कारण त्यांच्याकडे ती आधीच पुष्कळ असतात. दुरुस्ती करणारे कारागीर मात्र ती सुटे भाग मिळवण्यासाठी घेतात, कारण जुन्या नमुन्यांच्या पट्ट्या, बटणे, जाळ्या आणि रजिस्टरच्या कळा आता कोणी बनवत नाही, आणि हाताने घडवलेले, गंज न चढलेले रीड तर मोडक्या खोक्यातून काढून, नवे मेण लावून, दुसऱ्या वाद्यात बसवता येतात. अशा वेळी अख्ख्या वाद्याऐवजी रीडसंचांचा वेगळा भाव विचारावा, आणि तो ठरण्याआधी ठोकळे वाद्यातून काढू देऊ नयेत.